पहिल्या आठवड्यातले तीन किलो

प्रश्न : नमस्कार ताई. वय ४६, उंची १७२ सेंटिमीटर, दिवसभर खुर्चीवरचं काम. वजन ९४ होतं. एका मित्राने त्याचा लो-कार्ब प्लॅन पाठवला : दिवसाला २० ग्रॅमच्या आत कार्ब्स, बाकी पोटभर खा. पहिल्याच आठवड्यात ३.२ किलो उतरलं. पाचव्या आठवड्याअखेर ८८.५ झालं आणि तेव्हापासून तीन आठवडे काटा तिथेच अडलाय. मधे एके ठिकाणी जेवायला गेलो, भात आणि गोड खाल्लं, तर सकाळी वजन १.७ किलो जास्त! सगळी मेहनत पाण्यात गेली. पोट साफ होत नाही, उठताना कधी कधी डोळ्यांपुढे अंधारी येते. (बीपीची गोळी चार वर्षांपासून चालू आहे.) बायको म्हणते फळं तरी खा, मित्र म्हणतो फळ म्हणजे साखरच. आता कार्ब्स शून्यावर आणू का? हे आयुष्यभर करायचं का? घरात दोन वेगळे स्वयंपाक होतात, त्यावरून कुरबुर चालते. शिवाय १५ वर्षांची मुलगी 'मीपण बाबांसारखं करणार' म्हणून रात्री जेवत नाही. तिला हा प्लॅन चालेल का? सोबत माझं एका दिवसाचं खाणं लिहून पाठवतोय.

उत्तर : नमस्कार. प्रश्न बरेच विचारलेत, पण मी सुरुवात करते ती तुम्ही न विचारलेल्या गोष्टीपासून. उठताना अंधारी येते हे तुम्ही बद्धकोष्ठाच्या शेजारी एका ओळीत उरकलंत आणि बीपीची गोळी तर कंसात टाकलीत. माझ्या दृष्टीने अख्ख्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे.

कार्ब्स एकदम कमी केले की रक्तातलं इन्शुलिन उतरतं. मूत्रपिंडांनी सोडियम धरून ठेवावं यात इन्शुलिनचा हात असतो. ते उतरलं की सोडियम लघवीवाटे जातं आणि जाताना पाणी घेऊन जातं. एरवी धडधाकट माणसाला या काळात डोकं दुखणं, गळून जाणं, पोटरीत गोळे येणं असा त्रास होतो आणि काही दिवसांत तो ओसरतो. तुमचं तसं नाही. तुमच्या गोळीचा डोस ९४ किलो वजनाच्या आणि रोज भरपूर कार्ब्स खाणाऱ्या माणसाचं बीपी बघून ठरवला होता. तो माणूस आता साडेपाच किलोंनी हलका आहे, त्याच्या अंगातलं मीठ-पाणी कमी झालंय, गोळी मात्र तेवढीच आहे. बीपी गरजेपेक्षा खाली जात असण्याची दाट शक्यता आहे.

घरात बीपीचं मशीन असेल तर पाच मिनिटं आडवं पडून मोजा. मग उभे राहा, एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर ते आकडे घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. मशीन नसेल तर तसेच जा. चक्कर येऊन पडलात, तर मात्र आठवड्याची वाट बघायची नाही. आणि गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, अर्धीही करायची नाही. 'मीठ वाढव, बरं वाटेल' असा सल्ला मित्राकडून येईलच. बीपी नसलेल्याला तो लागू पडतो, तुम्ही आधी डॉक्टरांना विचारा. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. बीपीच्या काही गोळ्यांबरोबर त्याने रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. तेही परस्पर आणू नका.

मधुमेह असलेल्या वाचकांसाठी इथेच सांगते, कारण हे प्लॅन एकाच्या फोनवरून दुसऱ्याच्या फोनवर औषधांची चौकशी न करता फिरतात. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना कार्ब्स कापले तर साखर एकदम खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांवर फार कमी कार्ब्स खाल्ले तर कीटोअॅसिडोसिस (कीटोन साचून रक्त धोकादायक आम्लधर्मी होणं) होऊ शकतो, आणि त्यात ग्लुकोमीटरवरची साखर जवळपास नॉर्मल दिसू शकते. मळमळ, उलटी, धाप लागणं असं काही झालं तर थेट रुग्णालय गाठायचं. लो-कार्ब आहार मधुमेहात उपयोगी पडतो, अमेरिकन डायबेटिस असोसिएशननेही तो एक पर्याय म्हणून मान्य केलाय. पण डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यायचा, मग ताट बदलायचं.

आता काट्याकडे येऊ. शरीर थोडा ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं. यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंमध्ये ४०० च्या आसपास. प्रत्येक ग्रॅमबरोबर अंदाजे तीन ग्रॅम पाणी असतं. कार्ब्स बंद झाले की पहिल्या काही दिवसांत हा साठा बराचसा खर्च होतो. ग्लायकोजेन आणि त्याचं पाणी मिळून दोनेक किलो इथेच संपले. सोडियमबरोबर गेलेलं पाणी वेगळं, आणि आतड्यातला भार कमी झाला तो आणखी वेगळा. म्हणजे त्या ३.२ किलोंतली चरबी फार तर अर्धा किलो, कदाचित थोडी जास्त.

एका रात्रीत वाढलेले १.७ किलो याच हिशेबातले. तेवढी चरबी अंगावर चढायला खर्चापेक्षा तेरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतात. (एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी.) यजमान कितीही आग्रही असले तरी एका जेवणात हे होत नाही. मेहनत पाण्यात गेली नाही हो, पाणी परत आलं एवढंच. रिकाम्या साठ्यात भात गेला, त्याने आपलं पाणी आणलं, जेवणातल्या मिठाने आणखी थोडं धरलं. तीन-चार दिवसांत ते जातं.

मग चरबी गेलीच नाही का? गेली की! दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात तुम्ही ९०.८ वरून ८८.५ वर आलात. चार आठवड्यांत २.३ किलो, म्हणजे आठवड्याला अर्ध्या किलोच्या वर. हा वेग उत्तम आहे, मी स्वतः याहून जास्त कुणाला मागत नाही. पण पहिल्या आठवड्याने तुम्हाला ३.२ ची चटक लावली आणि त्यापुढे खरी कमाई फिकी वाटायला लागली. असे प्लॅन 'सात दिवसांत फरक बघा' म्हणून खपतात ते याच पाण्याच्या जोरावर.

राहिले शेवटचे तीन आठवडे. ते मात्र पाण्याने समजावता येत नाहीत, म्हणून तुमचा कागद नीट वाचला. सकाळी कॉफी, त्यात मोठा चमचा लोणी आणि दोन चमचे क्रीम. नाश्त्याला तीन अंडी आणि चीज. दुपारी चिकन, 'थोडं सॅलड'. चार वाजता मूठभर बदाम-अक्रोड. पुन्हा तशीच कॉफी. रात्री मासे. टीव्हीसमोर पुन्हा मूठभर, आणि 'शुगर-फ्री' चॉकलेटचे चार तुकडे.

कार्ब्सच्या हिशेबात हा दिवस जवळजवळ निर्दोष आहे. आता कॅलरी मोजू. त्या कॉफीचा एक कप साधारण २०० कॅलरींचा, दोन कप म्हणजे ४००. मोठ्या माणसाच्या मुठीत सहज ४० ग्रॅम बदाम-अक्रोड मावतात. दोन मुठींचे पाचशेच्या घरात. म्हणजे पोट भरल्याचं ज्यांनी विशेष जाणवतही नाही अशा चार गोष्टींत नऊशे कॅलरी. तुमच्या वजनाच्या आणि बैठ्या कामाच्या माणसाचा दिवसाचा खर्च साधारण २,२०० च्या आसपास असतो. नऊशे तिथेच उडाले तर अंडी, चिकन, मासे, चीज आणि तेल यांना उरलं काय? चॉकलेटचं वेष्टणही उलटून बघा. गोडव्यासाठी मॅल्टिटॉल असेल तर तो रक्तातली साखर वाढवतो, त्याला कॅलरीही असतात, आणि पोटात गॅस होतो तो वेगळाच.

लो-कार्ब आहाराने वजन का उतरतं हे इथे स्पष्ट होतं. बिस्किटं, ब्रेड, गोड पेयं, येता-जाता तोंडात टाकायच्या गोष्टी एका फटक्यात हद्दपार होतात. प्रथिनं वाढतात, त्याने पोट लवकर भरतं. माणूस नकळत कमी खातो, आणि सुरुवातीचे आठवडे ते आपोआप होतं. मग हळूहळू आपण 'चालणाऱ्या' पदार्थांत मजा शोधतो. लोणी, क्रीम, बदाम, चॉकलेट. २० ग्रॅमच्या नियमाला यातलं काहीच दिसत नाही, कारण तो फक्त कार्ब्स मोजतो.

'इन्शुलिन खाली ठेवलं की चरबी जळणारच' असं तुमच्या मित्राचं म्हणणं असेल, तर त्याला एक प्रयोग सांगा. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २० जणांना दोन आठवडे कीटो (अगदी कमी कार्ब्सचा, भरपूर चरबीचा आहार) आणि दोन आठवडे कमी चरबीचा, भरपूर कार्ब्सचा शाकाहारी आहार दिला. दोन्ही वेळा हवं तेवढं खायची मुभा. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. कार्ब्सवाल्या आहारावर इन्शुलिन जास्त चढत होतं, तरी लोक दिवसाला सुमारे ७०० कॅलरी कमी खात होते. दोन आठवड्यांवरून आयुष्याचा आहार ठरवता येत नाही, हे खरं. पण एकट्या इन्शुलिनवर सगळं ढकलता येत नाही, एवढं यातून नक्की कळतं.

तेव्हा शून्यावर आणू का, याचं उत्तर : नको. कार्ब्सवाचून माणूस जगतो, लागणारा ग्लुकोज यकृत प्रथिनांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून बनवून घेतं, त्याबद्दल वाद नाही. पण २० चे शून्य केल्याने तुमचे ८० कॅलरीच वाचतील, आणि आत्ता आहे ती थोडीशी हिरवी पानंही ताटातून जातील. पोट साफ का होत नाही याचं कारण त्या 'थोडं सॅलड'मध्येच आहे. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू (फायबर) हवेत, तुमच्या कागदावर मला दहाच्या आसपासच दिसतात आणि तेही बहुतेक बदामांतले.

मी तुम्हाला उलट सांगणार आहे : कार्ब्स वाढवा. एकदम नाही. दर आठवड्याला दहा-पंधरा ग्रॅम, आणि ८० ते १०० च्या दरम्यान थांबा. तरीही तो लो-कार्ब आहारच आहे. साधारणपणे १३० ग्रॅमच्या खाली त्याला लो-कार्ब म्हणतात, २० ते ५० हा कीटोसिसचा पट्टा, म्हणजे शरीर चरबीपासून कीटोन बनवून ते इंधन म्हणून वापरतं ती अवस्था. चरबी कमी व्हायला कीटोसिसमध्ये असायलाच हवं असं काही नाही. श्वासाला येणारा तो आंबूस-गोड वास शरीर कीटोन बनवतंय हे सांगतो. ते आज ताटातल्या लोण्यापासून बनले की पोटावरच्या चरबीपासून, हे तो सांगत नाही.

वाढवताना क्रम सांभाळा. आधी पालेभाज्या, कोबी, फ्लॉवर, काकडी, भोपळी मिरची, दोन्ही जेवणांत ताटाचा अर्धा भाग भरेल इतक्या. मग कडधान्यं : शिजलेल्या मसूर डाळीच्या मोठ्या वाटीत ४० ग्रॅमच्या आसपास कार्ब्स असतात, पण त्यातले पंधराएक ग्रॅम तंतूच. मग एक फळ. इथे तुमच्या बायकोचं बरोबर आहे. मध्यम सफरचंदात साधारण २५ ग्रॅम कार्ब्स असतात, त्यातले चार तंतू, आणि ते चावून खायला वेळ लागतो. २० ग्रॅमच्या प्लॅनमध्ये ते बसत नाही हा प्लॅनचा दोष, सफरचंदाचा नव्हे. मित्राचं म्हणणं फळांच्या रसाला मात्र लागू पडतं, रस खरंच नको. साखर, मैदा आणि गोड पेयं जिथे ठेवलीत तिथेच, म्हणजे बाहेर, राहू देत. भात, ब्रेड, बटाटा शेवटी आणि मोजून : शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात २८ ग्रॅमच्या आसपास कार्ब्स असतात. हे सगळं चालू असताना काटा एखादा किलो वर जाईल. साठा भरतोय, पाणी येतंय. घाबरून परत २० वर उडी मारू नका. आठवड्यातून तीन सकाळी वजन करून सरासरी लिहा, आणि बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर पंधरा दिवसांनी मोजा. निर्णय महिन्याने करायचा.

कॉफीतलं लोणी मात्र उद्यापासूनच बंद. बदाम वाटीत काढून, वजन करून, दिवसाला ३० ग्रॅम.

आयुष्यभर करायचं का? काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ जणांना दोन भागांत वाटलं, अर्ध्यांना कमी चरबीचा आहार, अर्ध्यांना कमी कार्ब्सचा. दोघांनाही साखर आणि मैदा टाळून भरपूर भाज्या खायला सांगितलं. वर्षभराने पहिल्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक धरण्यासारखा नव्हता. दोन्ही गटांत काहींचं वीस किलोंहून जास्त उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं. तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. लो-कार्ब गटालाही सुरुवात २० ग्रॅमपासूनच करायला सांगितलं होतं, पण पहिल्या दोनेक महिन्यांनंतर हळूहळू वाढवत, प्रत्येकाला कायम पाळता येईल अशा सगळ्यात कमी पातळीवर स्थिरावायचं होतं. वर्षअखेर त्यांचं खाणं सरासरी १३० ग्रॅमच्या आसपास होतं. तज्ज्ञांचा आधार, गटाची सोबत, सगळं असूनही. तेव्हा २० वर आयुष्य काढता येत नाही म्हणून स्वतःला कमकुवत समजू नका. तुम्ही आठव्या आठवड्यात आहात, त्यांनीही इथूनच वाढवायला सुरुवात केली होती.

(आणि हे काही नवं खूळ नव्हे. लंडनच्या विल्यम बँटिंग या गृहस्थांनी १८६३ साली ब्रेड, साखर, बटाटे सोडून आपण कसे बारीक झालो ते छापून वाटलं होतं. ४६ पौंड घटवले त्यांनी, म्हणजे एकवीसेक किलो. रोजची वाइन मात्र त्यांनी सोडली नव्हती.)

प्रथिनं सोडू नका. दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास धरा : तीन अंड्यांत १८-१९, शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये तीसेक. आणि आठवड्यातून दोन-तीनदा जोर-बैठका किंवा वजनं उचलणं, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. अंधारीचा छडा लागेपर्यंत थांबा, मग सुरू करा.

दोन स्वयंपाकांचा प्रश्न कार्ब्स वाढवल्यावर बराचसा आपोआप सुटेल. भाजी, डाळ, अंडी, मासे सगळ्यांना एकच. धान्य ज्याने त्याने आपल्याला हवं तेवढं वाढून घ्यायचं. आणि स्वतःच्या वेगळ्या चार पदार्थांची चिराचिरी तुम्ही स्वतः करा, कुरबुर निम्मी होईल.

डॉक्टरांकडे जाणारच आहात तर रक्त तपासून घ्या : एलडीएल कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, युरिक अॅसिड, पोटॅशियम. कार्ब्स कमी आणि लोणी-क्रीम जास्त, अशा आहारावर काहींचं एलडीएल खूप वर जातं, आणि अंगावर त्याची खूण दिसत नाही. गाऊट किंवा मुतखड्याचा इतिहास असेल तर तोही सांगा. वजन वेगाने उतरतंय आणि जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखतंय, असं कधी झालं तर पित्ताशयातले खडे तपासावे लागतात.

आता मुलगी. नाही, तिला हा प्लॅन चालणार नाही. पंधराव्या वर्षी हाडं, रक्त, पाळी सगळं घडत असतं, आणि याच वयात एक जेवण टाळण्यापासून खाण्याचे विकार सुरू होताना दिसतात. तिचं वजन खरंच जास्त आहे का, हे बालरोगतज्ज्ञ तिची उंची-वजनाची वाढ बघून ठरवतील, तुम्ही किंवा ती नव्हे. तोवर रात्री तिच्याबरोबर एका टेबलावर बसा आणि तिच्यासमोर एक फळ किंवा थोडा भात खा. 'बाबांसारखं' करायचंच असेल तर तिने ते बघू दे. ग्रॅम, किलो, पोट सुटणं हे विषय जेवताना काढू नका, तिच्या अंगकाठीवर तर चेष्टेनेही बोलू नका. काटा तुमच्या खोलीत न्या. गोड पेयं घरात आणणं सगळ्यांसाठीच बंद करा, त्यात तिला वेगळं पाडल्यासारखं होत नाही. आणि जेवण टाळणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, जेवून लगेच बाथरूममध्ये जायला लागली, पाळी चुकली किंवा दिवसातून अनेकदा वजन करताना दिसली, तर रागवायचं नाही, समजूत घालत वेळही काढायचा नाही. थेट डॉक्टरांकडे न्यायचं. खरं तर तुमची अपॉइंटमेंट घ्याल त्याच वेळी तिचीही घ्या.